उजवा रकाना

गुरुजींना कुणी ‘कसं काय?’ असं विचारलं तर ते उत्तर देत नसत, नुसते बघत राहत. त्यांचं स्वतःचं विचारणं वेगळं होतं. सकाळी शाळेच्या फाटकाशी गाठ पडली की म्हणत, ‘काय अक्का, काल काय केलं?’ मी तेव्हा बावीस वर्षांची होते, ते पन्नाशी ओलांडलेले, तरी मी अक्काच. त्यांचं गाव गडहिंग्लजच्या पलीकडे, घरात कानडी, आणि तिकडे बाईमाणसाला वय न बघता थोरली बहीण करून टाकतात. पहिल्या दिवशी मी ‘काही नाही’ म्हणाले. ते म्हणाले, काही नाही असं होत नसतं, झोपलात तर झोपलो म्हणावं.

गेल्या महिन्यात ते गेले. मला चार दिवसांनी कळलं, पेठ वडगावच्या एस.टी. स्टँडवर, त्या वेळच्या एका सहकाऱ्याकडून. तो म्हणाला, माणूस विक्षिप्त, पण देवमाणूस. मी मान हलवली. गाडीत बसल्यावर या दोन शब्दांचं काय करावं ते मला कळेना.

कोल्हापुरातल्या म्युनिसिपालटीच्या त्या शाळेत मी सात महिनेच होते. एक बाई लांबच्या आजारपणात रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागेवर. दर महिन्याला माझी नवी ऑर्डर निघायची आणि ती निघण्याआधी हेडमास्तरांचा शेरा लागायचा. वडील नव्हते, भाऊ कॉलेजात होता, घर माझ्या पगारावर चालत होतं. महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मला जेवण जात नसे.

एका लांब हॉलमध्ये दोन वर्ग भरत. अलीकडे माझी तिसरी, पलीकडे गुरुजींची चौथी. मधे भिंत नव्हती. दोन मोठे लाकडी फळे पाठीला पाठ लावून उभे केलेले, आणि कडेला एक माणूस जाईल एवढी फट. माझे पाढे त्यांना ऐकू जात, त्यांच्या गोष्टी मला.

आणि गोष्टीच्या तासाला माझे पाढे हमखास मंदावत. कारण गुरुजी गोष्ट सांगत नसत, ती तपासत. फळ्यावर उभी रेघ मारायची. डाव्या रकान्यावर लिहायचं ‘केलं’, उजव्यावर ‘आहे’. मग वाचायला सुरुवात. मुलांनी गोष्टीतल्या माणसानं काय केलं ते फक्त सांगायचं. तो दयाळू आहे, तो दुष्ट आहे, हे उजव्या रकान्यातलं. तिथं जायची परवानगी डावीकडे तीन कामं जमल्याशिवाय नाही. एकेक काम पटलं की गुरुजी कानडीत मोजत, ‘वंदु’, ‘येरडु’, आणि तिसऱ्याला ‘मूरु’. मूरु म्हटलं की सगळ्या वर्गाचे हात वर जात, कारण आता गुण सांगायचा. लिहिलेला गुण फळ्याच्या कोपऱ्यात तसाच राहायचा. कुणी त्याच्याविरुद्ध चौथं काम शोधून आणलं तरच पुसला जायचा.

त्यांची एक लाडकी गोष्ट होती, नावाड्याची. वऱ्हाड नदीकाठी खोळंबलंय, नवरी रडतेय, मुहूर्त टळत चाललाय, आणि नावाडी होडी काढत नाही. लोक पाया पडतात, तरी नाही. एका म्हातारीनं होडीत पाय टाकला तर तिला हाताला धरून खाली उतरवतो. तीन कामं झाली. पोरं ओरडून सांगत, निर्दय. गुरुजी शांतपणे ‘निर्दय’ लिहीत आणि पुस्तक मिटून ठेवत. उरलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी कळायचं की होडीचा तळ फुटला होता. त्या दिवशी आमच्या बाजूची तिसरीची पोरंसुद्धा फळ्याला कान लावून बसत. मी त्यांना रागवत नसे.

हे सगळं वर्गात ठेवलं असतं तर त्यांना कुणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण त्यांना वर्ग आणि बाहेर हा फरक कळत नसे. एकदा कुस्त्या बघायला गेले. शेजारचा माणूस एका पैलवानाला भित्रा म्हणाला. गुरुजींनी त्याला तीन कामं विचारली. त्यानं एक सांगितलं. गुरुजी म्हणाले, वंदु, पुढं? निकाली कुस्ती चालू असताना ते त्या माणसाकडे तोंड करून, एक बोट वर धरून बसले होते. शेवटी आजूबाजूच्या लोकांनी दोघांनाही उठवून मागच्या पायऱ्यांवर पाठवलं. पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा मुलाचा मामा म्हणाला, मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ, कष्टाळू. गुरुजींनी एकेका गुणाला तीन-तीन प्रसंग मागितले. पोहे संपेपर्यंत मनमिळाऊचे दोन झाले, कष्टाळूला एकही नाही. पाहुणे उठून गेले आणि भावजय चार वर्षं त्यांच्याशी बोलली नाही.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, तुमच्या मिसेस कशा आहेत? मला तब्येत विचारायची होती. गुरुजींनी बराच विचार केला.

‘अजून बघतोय,’ ते म्हणाले. लग्नाला तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

दुष्काळानंतरचे ते दिवस. शाळेत सुकडी यायची. भाजलेल्या पिठात गूळ आणि तेल घालून केलेला गोड भुगा, पोत्यातून यायचा आणि मधल्या सुटीत प्रत्येक मुलाला वाटीभर मिळायचा. नियम एकच, शाळेत बसून खायची, घरी न्यायची नाही. हेडमास्तर या नियमाला फार जपत. वाटपाचं काम माझ्याकडे होतं आणि कोठीच्या खोलीची किल्लीही.

चौथीतली एक मुलगी वाटीतली अर्धी सुकडी खायची आणि अर्धी परकराच्या ओच्यात घ्यायची. मी तिला एकटीला बोलावून विचारलं. घरी दोन वर्षांचा भाऊ, गोवर होऊन गेलेला, काही खात नव्हता, एवढी एक गोष्ट खात होता. मी तिला म्हटलं, तुझी तू पूर्ण खा, सुटी संपताना कोठीत ये. पंधरा दिवस मी तिला वहीच्या कागदात मूठभर सुकडी बांधून देत होते. कुणाला सांगायचं नाही, अगदी आईलाही नाही, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिचा हात माझ्या हातावर ठेवून घेतलं. तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. हे मी आज लिहू शकते.

एका सोमवारी तिच्या दप्तराला मुंग्या लागल्या.

दप्तर खिळ्याला टांगलेलं होतं. सुटी होऊन तासभर झाला होता तेव्हा चौथीच्या मॉनिटरनं खिडकीपासून भिंतीवरून खाली उतरलेली मुंग्यांची रांग बघितली. मी अलीकडे चौदाचा पाढा लिहीत होते. पलीकडून त्याचा आवाज आला.

‘गुरुजी, डावा रकाना भरायचाय.’

गुरुजींनी कोणती गोष्ट, असं विचारलं. तो म्हणाला, गोष्ट नव्हं, खरं. मग त्यानं मुलीचं नाव घेतलं. ती सुकडी संपल्यावर कोठीच्या खोलीत जाते. गुरुजींनी विचारलं, स्वतः बघितलंस काय? तो म्हणाला, आम्ही तिघांनी बघितलंय, तीन दिवस. गुरुजी थोड्या वेळानं म्हणाले, वंदु.

मग दप्तर उघडलं गेलं असावं, कारण पोरांचा गलका झाला. एक मुलगी म्हणाली की पुडी बांधून तळाशी ठेवली होती, वह्यांच्या खाली, दिसू नये म्हणून. गुरुजी म्हणाले, येरडु. त्या आवाजात नेहमीची मजा नव्हती. मला वाटलं, ते आता थांबतील.

त्यांनी मुलीला विचारलं, ही सुकडी कुठून आणलीस? ती म्हणाली, आईनं दिली. मॉनिटर लगेच म्हणाला, ‘हिची आई दिस उगवायला कामाला जाती, गुरुजी. सुकडी घरात कुठनं येणार? ही खोटं बोलली. तीन झाली.’

तिन्ही खरी होती. ती कोठीत गेली होती, तिनं पुडी लपवली होती आणि ती खोटं बोलली होती. गुरुजींच्या नियमात काही चूक काढता येत नव्हती. चाळीस पोरं चूप बसली होती आणि माझी पोरंही. मी फळ्यापासून वीतभर अंतरावर खडू धरून उभी होते. फटीतून पलीकडे जायला चार पावलं लागली असती. मी जिभेनं ओठ ओले केले. एवढंच केलं.

‘मूरु,’ गुरुजी म्हणाले.

फळे पाठीला पाठ लावलेले असल्यामुळे त्यांनी लिहिलं की माझा फळा हलायचा. तसा तो हलला. दोन अक्षरं होती. मला मोजता आली.

हेडमास्तर माझ्या मागं दारात कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. ते फटीतून पलीकडे गेले, त्यांनी गुरुजींना शाबासकी दिली आणि मुलीला सांगितलं, उद्या आईला घेऊन यायचं, त्याशिवाय वर्गात बसायचं नाही. मुलीनं दप्तर झटकलं, मुंग्या खाली पाडल्या आणि फटीतून माझ्या वर्गातूनच बाहेर गेली, कारण दार माझ्या बाजूला होतं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ओळख नसल्यासारखी गेली. ते तिनं मला सांभाळण्यासाठी केलं हे मला तिची पाठ दिसेनाशी झाल्यावर कळलं.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारीही नाही. हेडमास्तर म्हणाले की आणखी चार दिवस बघू आणि नाव कमी करू. नऊ वर्षांच्या मुलीचं एकदा नाव कमी झालं की ती पुन्हा शाळेत येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. महिन्याचा शेवटचा आठवडा होता. बुधवारी मी फळ्याच्या पलीकडे डोकावले. कोपऱ्यातला शब्द तसाच होता. त्याच्या आजूबाजूला गणितं लिहून झाली होती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी गुरुजींना सगळं सांगितलं. ते उभे होते, ते मुलांच्या बसायच्या पट्टीवर खाली बसले, मांडी घालून. मला वाटलं ते मला विचारतील, तुम्ही चार दिवस काय करत होता? ते त्यांनी विचारलं नाही.

‘अक्का,’ ते म्हणाले, ‘पुस्तकातली असती तर मी अर्ध्यात मिटून ठेवली असती. ही पोरगी समोर उभी, तर मी तीन मोजून मोकळा झालो. कशाला नेतेस, एवढंपण विचारलं नाही.’

मी माझ्या ऑर्डरचं सांगितलं. रडत सांगितलं, म्हणजे नीट सांगितलं नसावं. ते म्हणाले, तुमचं नाव मी कुठंही घेणार नाही. पोरगीनं घेतलं नाही, मी काय म्हणून घेऊ? ते तुमचं तुम्ही बघा. पण आता माझ्याबरोबर चला, मला घर दाखवा.

घरी कुणी नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, दोघी मिरच्यांवर आहेत. बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात बायका मिरच्यांची देठं खुडायला बसत. दारातच ठसका लागला. मुलगी आईच्या मांडीला मांडी लावून देठं खुडत होती, तोंडाला फडकं बांधून. मी दाराशीच थांबले. गुरुजी आत गेले आणि ढिगापाशी उकिडवे बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते मिरच्यांमुळे असेल.

ते म्हणाले, माझी चूक झाली, हिनं चोरली नाही, पोरगीला शाळेत पाठवा. आईनं हातातलं काम थांबवलं नाही.

‘तुम्हीच लिवलासा न्हवं, मास्तर? आता कशाला आलासा?’

गुरुजी म्हणाले, ते मी पुसतो.

‘पुसा की. मला वाचाय येत न्हाय. तुम्ही पुसला का ठेवला, मला काय कळणार? गल्लीतल्या पोरास्नी वाचाय येतंय. ती म्हणत्यात चोर.’

गुरुजी म्हणाले, हिला वाचायला येतं. शनिवारी सकाळी हिला घेऊन या. काय लिहिलंय ते ही वाचून दाखवेल, पटलं तर ठेवा, नाहीतर परत न्या. आईनं त्यांच्याकडे पहिल्यांदा बघितलं. ‘बघतो,’ म्हणाली. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, बघतो, येतो, जातो. मुलीनं मान वर केली नाही. मला बघून तिनं फडकं जरा वर ओढून घेतलं.

पुढच्या काळातले गुरुजी मला थोडे माहीत आहेत. मी दुसरीकडे नोकरीला लागल्यावर ते वर्षातून एकदा जयसिंगपूरला बहिणीकडे जाताना वाट वाकडी करून माझ्या शाळेत येत, चहा न घेता वर्गात मागे बसत आणि जाताना म्हणत, चांगलं चाललंय, असं मी म्हणणार नाही, एकच तास बघितला. त्या आठवड्याबद्दल ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. ती मुलगी चौथीत दुसरी आली, हेही मला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. रिटायर होईपर्यंत त्यांनी गोष्टीच्या तासाला ती उभी रेघ मारली आणि उजव्या रकान्यावर ‘आहे’ लिहिलं, पण त्याच्याखाली काही लिहायची वेळ आली की खडू खाली ठेवायचे आणि मुलांना विचारायचे, आपण त्याला विचारलं काय? पोरं म्हणत, गुरुजी, तो तर पुस्तकात हाय. मग ते म्हणत, तोवर थांबू या.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. मी पाढे लिहून ठेवले आणि मुलांना घोकायला लावलं, म्हणजे मला बोलावं लागू नये. पलीकडे गुरुजींनी कोपऱ्यातला शब्द पुसला. मॉनिटर लगेच उभा राहिला. त्याचं म्हणणं बरोबर होतं, चौथं काम आणल्याशिवाय पुसायचं नाही, असा नियम होता. गुरुजी म्हणाले की तिनं चोरली नाही, तिला दिली होती. कुणी दिली? गुरुजी म्हणाले, ते मला सांगता येत नाही. वर्गात कुजबूज सुरू झाली. त्यांनीच शिकवलेली पोरं होती ती, नुसत्या शब्दावर विश्वास ठेवत नव्हती.

मग माझा फळा हलायला लागला. गुरुजी बराच वेळ लिहीत होते. डाव्या रकान्यातलं एकेक ते मोठ्यानं वाचत गेले. गुरुजींनी मुलीला कारण विचारलं नाही. गुरुजींनी दुसऱ्यांनी बघितलेलं पुरेसं मानलं. गुरुजींनी सगळ्यांसमोर लिहिलं. या वेळी त्यांनी कानडीत मोजलं नाही. म्हणाले, तीन झाली, आता गुण सांगा.

कुणी हात वर केला नाही. शेवटी मागून एक बारीक आवाज आला, ‘उतावळे.’

‘इतरांना कसं सांगता, तसं सांग,’ गुरुजी म्हणाले.

‘उतावळा.’

त्यांनी तो शब्द लिहिला. ते लिहीत असतानाच माझ्या दारातून आई आणि मुलगी आत आल्या. आईच्या पायात चपला नव्हत्या, बाहेर काढून आली होती. दोघी माझ्या वर्गातून, माझ्या टेबलाला लागून, फटीतून पलीकडे गेल्या. त्यांच्यामागून हेडमास्तर गेले. माझ्या पोरांचं घोकणं आपोआप बंद पडलं.

पलीकडून आईचा आवाज आला. ‘वाच. काय लिवलंय ते समदं वाच.’

मुलीनं वाचलं. सावकाश, एकेका ओळीखाली थांबून, धडा वाचावा तसं. गुरुजींनी मुलीला कारण विचारलं नाही. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. मग उजवा रकाना. तिथं ती अडखळली.

‘वाच की.’

‘उतावळा.’

‘कोण?’

‘गुरुजी.’

हेडमास्तर गुरुजींना हळू आवाजात म्हणाले, हे काय चालवलंय, मुलांसमोर. मग आईनं विचारलं ते साध्या, रोजच्या आवाजात.

‘मग तुला सुकडी दिली कुणी?’

‘ते हितं लिवल्यालं न्हाय, आई.’

‘मी तुला इचारतोय. फळ्याला न्हाय.’

हेडमास्तरांनीही विचारलं. नाव सांग, काही होणार नाही, म्हणाले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती रडायला लागली, पण तोंड मिटून, नुसता श्वास ऐकू येत होता. तिनं अजून माझं नाव घेतलं नव्हतं, आणि ती घेणारही नव्हती. आई म्हणाली, चल घरी. मी दिली म्हणणारं कुणी न्हाय, तर तुला कशाला ठिवू हितं?

पावलं फटीकडे वळली. मी तोवर फटीत आले होते, त्यामुळे मायलेकी समोरच थांबल्या. मुलीनं मला बघून मान जोरात हलवली, नको म्हणून.

‘मी दिली,’ मी म्हणाले. ‘पंधरा दिवस. मीच तिला सांगू नको म्हटलं होतं.’

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे. गुरुजी खडू हातात घेऊन फळ्यापाशी उभे होते. ते काही लिहायला वळले नाहीत. आईनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं.

‘व्हय? मग सोमवारी कुठं हुतासा, बाई?’

‘इथंच,’ मी म्हणाले. ‘फळ्यामागं.’